घरच्या हिशोबाची वही

बसमध्ये लटकत ऐकणारे, भांडी घासता घासता ऐकणारे, आणि ऑफिसात काम करतोय असं दाखवत ऐकणारे, सगळ्यांचं स्वागत. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा या भागाचा मजकूर. बोलताना जिथे अडखळले, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोलले तसंच आहे.

सुरुवात माझ्या भाच्यापासून. वय वर्षं सात. गेल्या महिन्यात त्याला घेऊन तुळशीबागेत गेले होते. त्याला एक खेळण्यातला ढोलताशा हवा होता. मी म्हटलं, "आत्ता पैसे नाहीयेत रे." त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशी आपण एखाद्या साध्या गोष्टीला अडलेल्या माणसाकडे पाहतो. म्हणाला, "मग स्कॅन कर ना, मावशी."

दुकानदार हसला, मीही हसले. पण घरी येताना लक्षात आलं की तो विनोद करत नव्हता. त्याच्या दृष्टीनं पैसे संपणं ही गोष्टच नाही. नोट हातातून जाते, पाकीट हलकं होतं, सुट्टे मोजून परत घ्यायचे असतात, यातलं काहीही त्यानं नीट पाहिलेलं नाही. मोठी माणसं चौकटीसमोर फोन धरतात, दुकानातला डबा मोठ्यानं आकडा सांगतो, आणि वस्तू आपली होते. झालं.

मग प्रश्न पडला. ज्या पुण्याच्या काटकसरीवर अख्खा महाराष्ट्र विनोद करतो, "चहा घेऊनच आला असाल" वगैरे, त्या पुण्यात मुलांना पैसा कसा शिकवला जायचा? घरात शिकवायचं कोण? आणि शिकवायचे म्हणजे नक्की काय? आजचा भाग त्यावर. आधीच सांगते, मला वाटलं होतं की छान, गोड, "बघा जुनी माणसं किती साधी राहायची" असा भाग होईल. तसा तो झाला नाही.

आठ रुपये आणि दोन आणे

आधी सुट्ट्या पैशांचं गणित, कारण पुढे ते लागणार आहे. आपला शंभर पैशांचा रुपया आला १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी एका रुपयाचे १६ आणे, एका आण्याचे ४ पैसे. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे. आणि एका पैशाच्या ३ पै. "पै पै जोडली" म्हणतो ना आपण, ती ही पै. रुपयाचा एकशे ब्याण्णवावा भाग.

आता चला १८७९ सालात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचं गोखले कुटुंब. वडील गेले. धाकटा मुलगा गोपाळ तेव्हा तेरा वर्षांचा. थोरला भाऊ गोविंदराव, तोही अजून शिकतच होता. त्यानं शाळा सोडली आणि कागलला नोकरी धरली. पगार महिना १५ रुपये. त्यातले ८ रुपये तो कोल्हापूरला शिकणाऱ्या गोपाळला पाठवायचा. स्वतःचा संसार उरलेल्या ७ रुपयांत.

हाच गोपाळ पुढे पुण्यात आला, फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक झाला, देशाचा नेता झाला. गोपाळ कृष्ण गोखले. त्यांच्या चरित्रांत शाळकरी वयातली एक गोष्ट नेहमी येते. एक मित्र त्यांना नाटकाला घेऊन गेला. गोपाळला वाटलं मित्र नेतोय म्हणजे तिकीट त्याचंच. नंतर मित्रानं दोन आणे मागितले. गोपाळनं वाद घातला नाही. पैसे दिले, आणि ते भरून काढायला दिव्याच्या तेलात काटकसर केली. म्हणजे रात्रीचा अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखाली.

ही गोष्ट आपण शाळेत ऐकली ती "किती कष्ट केले बघा" अशा सुरात. मला यावेळी दुसरंच दिसलं. त्या मुलाला हे कळलं कसं की दोन आणे गेले म्हणजे कुठूनतरी दोन आणे कमी करायलाच हवेत? कारण त्याला आठ रुपये कुठून येतात ते पक्कं माहीत होतं. भावाचा पगार किती, भाऊ स्वतःपाशी किती ठेवतो, सगळं माहीत होतं. पुढे कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा वहिनीनं आपले दागिने मोडायची तयारी दाखवली, हेही त्याला माहीत होतं. "काटकसर कर" असं त्याला कुणी बजावायची गरजच नव्हती. घरची वही त्याच्यासमोर उघडी होती.

हे "वही उघडी" लक्षात ठेवा. आजच्या भागात ते परत परत येणार आहे.

पंचाहत्तर रुपये

आता पुण्यात येऊ. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. थोड्याच दिवसांत आगरकर येऊन मिळाले. १८८४ ला डेक्कन एज्युकेशन सोसायटी, १८८५ ला फर्ग्युसन कॉलेज. हा इतिहास तुम्हाला माहीत आहे. पण या सगळ्याचा पाया एक आर्थिक नियम होता, त्याच्याकडे आपण फारसं बघत नाही. सोसायटीचे जे आजीव सदस्य होते त्यांनी वीस वर्षं काम करायचं आणि पगार घ्यायचा महिना ७५ रुपये. गणित शिकवा नाहीतर संस्कृत, तुम्ही टिळक असा नाहीतर आणखी कुणी. त्याच पदव्या घेऊन सरकारी नोकरीत गेलेली माणसं यापेक्षा कितीतरी जास्त कमवत होती.

गोखले तर सुरुवातीला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आले ते ३५ रुपयांवर.

आगरकरांची गोष्ट बघा. घरची इतकी गरिबी की विद्यार्थी असताना एकच सदरा, तो रात्री धुवायचा आणि सकाळी घालायचा, असं सांगतात. असा मुलगा एम.ए. होतोय म्हटल्यावर आईनं काय काय स्वप्नं पाहिली असतील! तर परीक्षेच्या सुमारास आगरकरांनी आईला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी करेल अशी आशा धरू नकोस. मी पोटापुरता पैसा घेणार आणि बाकीचा वेळ लोकांच्या कामाला देणार.

हे पत्र फार प्रसिद्ध आहे. ते वाचून मला दरवेळी भरून येतं. यावेळी मात्र एक प्रश्नही आला. आगरकरांनी आईला आधी सांगितलं, लपवलं नाही, हे मोठंच. पण सांगणं आणि विचारणं यांत फरक आहे ना? आईचं त्यावर काय म्हणणं होतं, हे त्या पत्राच्या गोष्टीत कुठेच येत नाही.

आणि ही साधी राहणी सगळ्यांना सारखी पेलत होती असंही नाही. संसार वाढत होते, पगार तोच होता. पगारवाढ द्यायची का, कुणाचा संसार मोठा म्हणून जास्त द्यायचं का, बाहेरची कामं करून पैसे मिळवले तर ते स्वतःचे की संस्थेचे, या प्रश्नांवर सोसायटीत कडाक्याचे वाद झाले. टिळकांचं म्हणणं कडक होतं: आजीव सदस्य म्हणजे सगळा वेळ संस्थेचा, बाहेरची कमाई संस्थेची. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं काम घेतलं त्यावरूनही ठिणगी पडली. १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. वादाची इतरही कारणं होती. पण एवढ्या मोठ्या मनाच्या माणसांनाही पैशावर एकत्र बसून बोलणं जड गेलं, हे मला जरा दिलासा देणारं वाटतं. आपल्या घरात पंखा कोण बंद करणार यावरून भांडण होतंच की.

सुप्याच्या बाजारात जळलेली खतं

इथे थांबून एक गोष्ट बघायला हवी. ७५ रुपये कमी असतील, पण ते दर महिन्याला येत होते. काटकसर करायला आधी काहीतरी ठरलेलं यावं लागतं. ज्याच्या घरात पाऊस पडला तरच पैसा येतो त्याचं काय?

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलंच सुपे गाव. बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कागद. खतं, म्हणजे कर्जरोखे. ते मिळवून त्यांनी जाळले. हे लोण मग पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरलं. इतिहासात याला "दख्खनचे दंगे" म्हणतात.

सरकारनं चौकशी आयोग नेमला. तेव्हा साहेब लोकांचं आणि शहरातल्या शहाण्यांचं एक आवडतं मत होतं: शेतकरी लग्नात आणि सणावारात उधळपट्टी करतो, म्हणून कर्जात बुडतो. म्हणजे शेतकऱ्याला काटकसर शिकवा, प्रश्न सुटेल. गंमत बघा, आयोगानंच म्हटलं की लग्नखर्चाला यात गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिलं गेलंय. कर्ज फुगत होतं ते बियाणं, बैल, धान्य, सरकारी शेतसारा अशा लहान लहान, पुन्हा पुन्हा येणाऱ्या गरजांमुळे. त्यात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आलेली कापसाची तेजी १८६५ नंतर ओसरली होती, काही तालुक्यांत सारा वाढला होता, आणि सावकार हात आखडता घेत होते.

आणि खत कसं फुगायचं ते ऐका. कायद्यानं जुन्या खताला ठराविक मुदत होती. मुदत संपायच्या आत सावकार नवं खत लिहून घ्यायचा आणि थकलेलं व्याज मुद्दलात घालायचा. मी एक हिशोब करून बघितला. समजा १०० रुपये घेतले, दरसाल शेकडा २४ व्याजानं. तीन वर्षांत व्याज ७२. नवं खत १७२ रुपयांचं. आणखी तीन वर्षांनी २९६ च्या आसपास. नऊ वर्षांनी ५०९. घेतले होते शंभर. आणि ज्याचं नाव त्या कागदावर होतं, त्याला तो कागद वाचता येत नव्हता.

तुम्ही म्हणाल, हे झालं जुन्या काळचं. बरं, क्रेडिट कार्डावर "कमीत कमी एवढे भरा" असं जे लिहून येतं, तेवढंच भरून बाकी पुढे ढकललं तर व्याज किती लागतं, माहितीय? अनेक कार्डांवर महिन्याला तीन-साडेतीन टक्के. वर्षाचं काढा. छत्तीसच्या वर जातं. म्हणजे माझ्या उदाहरणातला सावकार स्वस्त पडला.

दंग्यांनंतर १८७९ साली शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. त्यातली एक तरतूद मला फार आवडली. सावकारानं पैसे मिळाल्याची पावती द्यायची, हिशोब मागितला तर लेखी द्यायचा, पासबुक द्यायचं. म्हणजे एवढा मोठा उद्रेक झाल्यावर जे औषध शोधलं, त्याचा एक भाग होता: वही दोन्ही बाजूंना दिसली पाहिजे. कायद्यानं सगळं सुधारलं असं नाही, पण रोग कुठे आहे ते बरोबर ओळखलं होतं. उपाशी माणसाला उधळ्या म्हणून हिणवण्यापेक्षा त्याच्या नावावर काय लिहिलंय ते त्याला दाखवणं जास्त उपयोगाचं.

हिंगण्याचा रस्ता, आणि घरी राहिलेली बाई

आता ज्यांच्यासाठी हा भाग करायला घेतला त्या घरात जाऊ. धोंडो केशव कर्वे. अण्णा.

कोकणातल्या मुरूडचे. घरची परिस्थिती बेताची. १८७५ साली, बघा योगायोग, सुप्याला खतं जळली तेच साल, हा सतरा वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर परीक्षा द्यायला मुरूडहून साताऱ्याला चालत गेला. शंभर मैलांच्या वर, घाट चढून. तिथे गेल्यावर त्याला सांगितलं, तू लहान दिसतोस, परीक्षेला बसता येणार नाही. परत या!

१८९१ साली अण्णा पुण्यात फर्ग्युसनला गणित शिकवायला आले. म्हणजे तेच पंचाहत्तर रुपयांचं जग. पहिली पत्नी राधाबाई त्याच वर्षी वारल्या होत्या. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई स्वतः विधवा होत्या, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. त्या काळी हा केवढा धाडसी निर्णय, वेगळं सांगायला नको. लग्नानंतर त्यांचं नाव आनंदीबाई, पण सगळे ओळखतात ते बाया कर्वे म्हणून.

१८९६ साली अण्णांनी विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं. १९०० मध्ये आश्रम शहराबाहेर हिंगण्याला एका झोपडीत गेला. आज आपण कर्वेनगर म्हणतो तोच भाग. अण्णा दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी चिखल तुडवत हिंगण्याला चालत जायचे. पै पै जमवायचे, आणि आश्रमाचा हिशोब काटेकोर ठेवायचे. ज्यानं एक रुपया दिला त्यालाही कळलं पाहिजे की रुपयाचं काय झालं. त्यांनी जन्मभर ही शिस्त पाळली. १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यातल्या शाळांसाठी ते पुन्हा दारोदार लहान लहान वर्गणी गोळा करत होते.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण बाया कर्व्यांनी स्वतःही आत्मचरित्र लिहिलंय. "माझे पुराण". ते वाचा. कारण त्यात तोच संसार स्वयंपाकघराच्या बाजूनं दिसतो.

अण्णांनी आपली साठवलेली शिल्लक आश्रमाला दिली. पुढे स्वतःच्या आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नावे केली. विचार करा. घरात लहान मुलं. जातीनं वाळीत टाकलेलं जोडपं, म्हणजे अडचणीला नातेवाईक धावून येतील अशी खात्री नाही. उद्या नवऱ्याचं काही बरंवाईट झालं तर हातात येणारी एकच रक्कम म्हणजे विमा. आणि तीही गेली. बायांना याचा त्रास झाला, राग आला, आणि त्यांनी तो झाकला नाही. त्यांनी स्वतः कमाईचे मार्ग शोधले, पुढे सुईणीचं शिक्षण घेतलं. आश्रमासाठीही त्या राबल्या, वर्गणीसाठी फिरल्या. त्यांना आश्रम नको होता असं मुळीच नाही. स्वतः विधवापण भोगलेल्या बाईला त्या आश्रमाची किंमत दुसऱ्या कुणापेक्षाही जास्त कळत होती.

मग राग कशाचा? मला जे वाटतं ते सांगते, माझं मत म्हणून घ्या. ज्या माणसानं परक्या देणगीदाराला रुपयाचा हिशोब दिला, त्याच्या घरात मात्र मोठे निर्णय एकट्यानं झाले. आश्रमाची वही उघडी होती. घरची बंद होती.

हे सांगून मला अण्णांना लहान करायचं नाहीये. त्या आश्रमामुळे किती मुली शिकल्या, किती जणींचं आयुष्य उभं राहिलं! १९१६ साली महिला विद्यापीठ झालं. १९५८ ला, वयाच्या शंभरीत, भारतरत्न मिळालं. सगळं खरं. पण काटकसर आणि त्याग याबद्दल आपण बोलतो तेव्हा एक प्रश्न विचारलाच पाहिजे: ती कुणाच्या ताटातून झाली, आणि त्या माणसाला विचारलं होतं का?

डाळीच्या डब्यातले पैसे

हा प्रश्न जुना झालेला नाही. ८ नोव्हेंबर २०१६ आठवा. रात्री आठच्या सुमारास पाचशे-हजारच्या नोटा बंद होणार असं जाहीर झालं. तुमच्यातले काही तेव्हा शाळेत असतील. त्यानंतरच्या दिवसांत घराघरांत काय झालं? आईनं, आजीनं डाळीच्या डब्यातून, साडीच्या घडीतून, देवघराच्या मागून नोटा काढल्या. नवऱ्यांना धक्का! "एवढे पैसे होते आणि बोललीस नाही?" त्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर ढीगभर विनोद आले. आम्हीही हसलो.

पण बाया कर्व्यांचं वाचल्यावर तो डबा मला वेगळा दिसायला लागला. भाजीतून वाचवलेले दहा, दूधवाल्याकडून उरलेले पाच, भिशीचे आलेले. ती बाई पैसे लपवत का होती? कारण उघड ठेवले तर त्यांचं काय करायचं हे ठरवताना तिचा आवाज मोजला जाणार नव्हता. जिथे वही बंद असते तिथे डबा तयार होतो. ज्यांच्या कुणाच्या घरात असा डबा होता, त्यांनी आजीला बचतीची शाबासकी जरूर द्या. पण डबा का लागला, तेही कधीतरी विचारा.

एक पैसा

एवढं सगळं ऐकून वाटेल की उघड्या वहीचं उदाहरण आहे तरी का? आहे. पुण्याहून लोकलनं जाता येईल इतक्या अंतरावर, तळेगाव दाभाड्याला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाच्या डोक्यात एक कल्पना होती. देशी उद्योग उभारायचे, पण श्रीमंतांच्या तोंडाकडे न बघता. प्रत्येकानं वर्षाला फक्त एक पैसा द्यायचा. मघाशी सांगितलं ना, रुपयाचा चौसष्टावा भाग. नाव, पैसा फंड. लोकांनी आधी थट्टाच केली असणार. एका पैशानं काय होतंय? चौसष्ट माणसं भेटा तेव्हा कुठे एक रुपया. हजार रुपयांसाठी चौसष्ट हजार माणसं. पण टिळकांनी या कल्पनेला जोर दिला, कार्यकर्ते दारोदार फिरले, आणि १९०८ मध्ये त्या पैशांतून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशात काचेचं तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. तिथे मुलं काचकाम शिकली. तोवर दिव्याच्या चिमणीपासून बांगडीपर्यंत बरीचशी काच बाहेरून यायची.

मला यातलं काय आवडतं माहितीय? एक पैसा ही रक्कम लहान मुलालाही देता येते. आणि दिल्यावर त्याला सांगता येतं: बघ, तुझ्या पैशाची ही काच झाली. आईवडिलांनी पन्नास वेळा "पैशाची किंमत ओळख" म्हटलं तरी जे कळणार नाही, ते त्या एका काचेतून कळत असेल. कुठून आला, किती आला, कुठे गेला, काय झालं. चारही गोष्टी समोर.

तर मग शिकवायचं काय?

मी काही आर्थिक सल्लागार नाही. म्युच्युअल फंडाचं मला विचारू नका. पण हे सगळं वाचल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली. मुलांना काटकसर शिकवायची म्हणजे "खर्च करू नको" हे शिकवायचं नाही. ते सगळे सांगतात, आणि कुणी ऐकत नाही. मुलाला घरची वही दाखवायची. पगार किती येतो, भाडं किती जातं, हप्ता किती, या महिन्यात आजीच्या औषधाला किती लागले. गोपाळला आठ रुपयांचा हिशोब माहीत होता म्हणून दोन आण्यांचं मोल कळलं. हिशोब न दाखवता नुसती काटकसर लादली तर ती मुलाला शिक्षा वाटते. आणि बायकोवर किंवा नवऱ्यावर लादली तर डबा तयार होतो.

दाखवणं ही पहिली पायरी. विचारणं ही दुसरी, आणि ती जास्त अवघड आहे. आगरकर पहिलीपर्यंत आले होते.

आता भाच्याचं पुढे काय झालं. मी त्याला शंभर रुपये दिले, दहा-दहाच्या नोटा आणि नाणी, आणि एक चाळीस पानी वही. म्हटलं, हे तुझे आठवड्याचे. पाहिजे तसे खर्च कर, फक्त लिहायचं. पहिल्या दिवशी त्यानं लिहिलं, "भेळ ३०". अक्षर असं की तीस आहे की अडतीस, कळेना. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे वीस रुपये उरले आणि तो जरा गप्प झाला. नोटा परत परत मोजत होता. पैसे संपतात, हे त्याच्या हाताला कळलं.

मग त्यानं मान वर करून विचारलं, "मावशी, तुझी वही कुठंय?"

माझ्याकडे वही नव्हती. फोन होता. आणि फोनमध्ये क्रेडिट कार्डाचं बिल होतं, ज्याचे गेले पाच महिने मी "कमीत कमी" तेवढेच भरत होते. नवीन लॅपटॉप, गोव्याची ट्रिप, सगळं त्यात. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. सुप्याच्या खताचा हिशोब मी या भागासाठी मांडला असं मघाशी म्हटलं ना? खरं सांगायचं तर तो मी आधी स्वतःच्या बिलासाठी मांडला होता.

त्या रात्री जेवताना आईला आणि ताईला आकडा सांगितला. आई रागावली, ताई हसली, आणि दोघींनी मिळून माझे पुढचे आठ महिने कसे जाणार ते मला विचारत विचारत ठरवलं. मी वही आणलीये. चाळीस पानीच. भाचा दर रविवारी तपासतो, आणि माझं अक्षर वाईट आहे म्हणतो.

तुमच्या घरची वही कुणाकुणाला वाचता येते, ते जरा बघा. भेटू पुढच्या भागात.